दंडाचा घेर साडेअकरा

दिवाळी आटोपली की रत्नागिरी जिल्ह्यात माणसांची अदलाबदल सुरू होते. खेड, मंडणगड, दापोलीकडच्या कातकरी वाड्यांमधली कुटुंबेच्या कुटुंबे कोळशाच्या नाहीतर विटांच्या भट्ट्यांवर जायला निघतात. भांडी, अंथरुणे, कोंबड्या आणि मुले असा सगळा संसार एका टेम्पोत मावतो. घराला कडी लागते ती पावसाच्या तोंडावर उघडते. त्याच सुमारास उलट्या दिशेनेही माणसे येत असतात. विजापूर-कलबुर्गीकडची कुटुंबे चिरेखाणींवर आणि बांधकामांवर उतरतात. आंब्याला मोहोर धरू लागला की नेपाळहून आलेली कुटुंबे बागांमधल्या मांगरांत राखणीला राहतात. मच्छीमार बोटींवरचे नेपाळी खलाशी तर त्याआधीच, ऑगस्टपासून बंदरात दाखल झालेले असतात.

या सगळ्यांच्या बरोबर त्यांची लहान मुले असतात. दीड वर्षांची, अडीच वर्षांची, कडेवरची आणि कडेवरून नुकतीच खाली उतरवलेली. गावाकडच्या अंगणवाडीच्या वहीत त्यांच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो. जिथे ती गेली तिथल्या वहीत बऱ्याचदा त्यांचे नावच नसते. सात-आठ महिने हे मूल कुणाच्याच यादीत नाही. आणि माणसाच्या वाढीच्या हिशेबात दीड वर्षांच्या मुलाचे आठ महिने ही फार मोठी मुदत आहे.

जिल्हा रुग्णालयात अशी मुले येतात ती बहुधा दुसऱ्याच कशासाठी. जुलाब थांबत नाहीत, ताप उतरत नाही, श्वास जोरात चाललाय. आई सांगते, आठ दिवसांपासून आजारी आहे. परिचारिका अंगातला सदरा काढते तेव्हा लक्षात येते की हे आठ दिवसांचे नव्हे. बरगड्या मोजता येतात, नितंबावरची कातडी सैल पायजम्यासारखी लोंबते, चेहरा म्हाताऱ्या माणसासारखा दिसतो. आईला ते दिसलेले नसते असे नाही. पण रोज पाहणाऱ्याला रोजचा फरक कळत नाही, आणि भट्टीवरच्या इतर मुलांच्या शेजारी ते मूल फारसे वेगळेही दिसत नाही.

हे मूल दोन महिने आधी कसे ओळखता आले असते? उत्तर अगदी साधे आहे. एका पट्टीने. अंगणवाडी सेविकेच्या आणि आशाताईंच्या पिशवीत ती असते. तीन रंगांची, प्लॅस्टिकची, पाच-दहा रुपयांच्या किमतीची वाटावी अशी. खांदा आणि कोपर यांच्या मधोमध, हात सैल सोडून, दंडाभोवती ती गुंडाळायची. फार आवळायची नाही, ढिलीही ठेवायची नाही. सहा महिने ते पाच वर्षे या वयात दंडाचा घेर साडेबारा सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त असला की खिडकीत हिरवा रंग दिसतो. साडेअकरा ते साडेबाराच्या दरम्यान पिवळा. साडेअकराच्या खाली लाल. लाल म्हणजे तीव्र कुपोषण, सरकारी बोलीत ‘सॅम’. पिवळा म्हणजे ‘मॅम’.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटते. एक वर्षाच्या आणि चार वर्षांच्या मुलाला एकच माप कसे लावायचे? त्याचे कारण दंडाच्या रचनेत आहे. पोसलेल्या मुलाचा दंड पहिल्या वाढदिवसाला साधारण सोळा सेंटिमीटर भरतो आणि पाचव्या वर्षीही तो त्याहून फार मोठा झालेला नसतो. या काळात बाळसे झडते आणि त्याची जागा स्नायू घेतात. आतला माल बदलतो, घेर जवळजवळ तोच राहतो. म्हणून वय नक्की माहीत नसले तरी चालते. जिथे जन्माचा दाखला गावाकडच्या पेटीत राहिलेला असतो, तिथे ही सोय मोठी आहे.

दंडाच्या घेराचे हे माप आफ्रिकेत रुजले. युगांडात काम करणारे बालरोगतज्ज्ञ डेरिक जेलिफ यांनी १९६०च्या दशकात दंडाच्या घेराचा आग्रह धरला आणि १९६६ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या पुस्तकात त्याला जागा दिली. पाठोपाठ नायजेरियात बियाफ्राचे युद्ध पेटले. १९६७ ते १९७० या काळात तिथे भुकेने इतकी मुले मरत होती की प्रत्येकाला काट्यावर ठेवून वजन घेणे अशक्य झाले. क्वेकर पंथाच्या मदत पथकांनी एक काठी बनवली. दंडाचा घेर मोजायचा आणि मूल काठीशेजारी उभे करायचे. घेराच्या मानाने मूल काठीवरच्या खुणेहून उंच निघाले, म्हणजे उंची आहे पण मांस नाही, तर त्याला आधी अन्न. पुढे काठी मागे पडली आणि पट्टी राहिली.

कुपोषणाच्या वैद्यकातला बराचसा शहाणपणा असाच आफ्रिकेत, आणि तोही वाईट काळात, जमा झालेला आहे. १९२९ साली सिसली विल्यम्स नावाची जमैकात जन्मलेली डॉक्टर गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, नोकरीला गेली. पाय सुजलेली, केस विटकरी झालेली, कातडीचे पापुद्रे निघणारी, कुरकुरी मुले तिला दिसू लागली. वरिष्ठांचे म्हणणे, हा पेलाग्रा आहे, तो आम्हांला माहीत आहे. बाईंनी आयांना विचारले. ‘गा’ भाषेत या आजाराला नाव होते : क्वाशिओरकोर. धाकटे भावंड आल्यावर आईच्या अंगावरून दूर झालेल्या मुलाला होतो तो आजार. १९३५ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी याच नावाने लेख लिहिला आणि ते नाव जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेले. निदान आयांच्या भाषेत आधीच झालेले होते. डॉक्टरांनी ते फक्त ऐकायचे बाकी होते.

मराठीत याला सुजवटी म्हणतात आणि वाळलेल्या मुलाच्या आजाराला सुकटी. सुजवटी फसवी असते. मूल गुटगुटीत दिसते, वजनही बरे भरते, कारण ते पाण्याचे वजन असते. दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबून सोडले आणि खळगा तसाच राहिला, तर पट्टीवर कुठलाही रंग येवो, ते मूल तीव्र कुपोषितच धरायचे. ही तपासणी कुणालाही येते, आणि घाईगर्दीत सगळ्यात जास्त विसरली जाते तीही हीच.

सुजवटी म्हणजे प्रथिनांची कमतरता, असे अनेक वर्षे शिकवले गेले. त्यावरून जगभर प्रथिनांच्या पावडरींचे कारखाने निघाले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. सी. गोपालन यांनी १९६०च्या दशकात दाखवून दिले की एकाच गावात, एकसारखेच खाणाऱ्या मुलांपैकी काहींना सुकटी होते आणि काहींना सुजवटी. मुख्य तुटवडा प्रथिनांचा नाही, एकूण अन्नाचाच आहे. डाळ-भात पोटभर मिळाला तर प्रथिने त्यात येतात. अर्धपोटी मुलाला दिलेली महागडी पावडर शरीर सरपणासारखी जाळून टाकते. डब्यावरचे चित्र पाहून मजुरीचे दोन दिवसांचे पैसे त्यात घालणाऱ्या आया आजही दिसतात. त्यांना कुणीतरी दुकानाच्या पायरीवरच अडवायला हवे.

पुढचा प्रश्न, लाल पट्टीच्या मुलाला करायचे काय? ‘चांगले खायला घाला’ हे उत्तर जितके स्वाभाविक तितकेच धोक्याचे आहे. उपासमार होऊ लागली की शरीर खर्च कमी करते. हृदय हळू आणि कमी ताकदीने चालते, मूत्रपिंडे मीठ नीट बाहेर टाकत नाहीत, पेशींतले पोटॅशियम बाहेर झिरपते आणि सोडियम आत शिरते. यकृतातला साखरेचा साठा संपलेला असतो. शरीर तापायला लागते तीही ऊर्जाच, म्हणून फुप्फुसात पू झाला तरी ताप येत नाही. उलट अंग गार पडते. असे मूल म्हणजे बंद पडायला आलेले घर असते. एक दिवा, एक चूल, बाकी खोल्यांना कुलूप. त्यात अचानक पाहुण्यांची पंगत आली तर घर कोसळते. दुसऱ्या महायुद्धानंतर छळछावण्यांतून सुटलेली माणसे पोटभर जेवणानंतर दगावली, ती याच कारणाने.

म्हणून उपचार सावकाश करावे लागतात. आधी साखर आणि ऊब. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, शंभर मिलिलिटरला ७५ कॅलरी देणारे पातळ दूध मोजून पाजायचे. ताप नसला तरी प्रतिजैविक द्यायचे. सलाइन मात्र शक्यतो लावायचे नाही, कारण ते झेपण्याइतकी ताकद हृदयात नसते. हिमोग्लोबिन कितीही कमी दिसले तरी सुरुवातीला लोह नाही, कारण ते आधी जंतूंच्या कामी येते. मुलाला भूक लागली, सूज उतरू लागली की मग शंभर कॅलरीचे दूध आणि हळूहळू घरचे अन्न. रडवे, चेहरा वळवणारे मूल एका सकाळी वाटीकडे हात करते. वॉर्डातल्या अनुभवी परिचारिका वजनकाट्याआधी या खुणेवर विश्वास ठेवतात.

हे नियम साधे वाटतात, पण ते रुजायला वेळ लागला. १९९६ साली जगभरच्या रुग्णालयांचा आढावा घेतला गेला, तेव्हा तीव्र कुपोषित मुलांचा रुग्णालयातला मृत्युदर १९५०च्या दशकापासून २० ते ३० टक्क्यांवरच अडकलेला दिसला. वैद्यक इतके पुढे गेले आणि हा आकडा हलला नाही. मुख्य कारण उपचारांतल्या चुका हेच होते. सलाइन लावले, रात्री दूध दिले नाही, गारठ्याकडे लक्ष गेले नाही.

आता भट्टीवरच्या आईचा विचार करावा. तिला सांगितले जाते, मुलाला घेऊन दोन आठवडे रुग्णालयात राहा. तिने उचल घेतलेली आहे. भट्टीवर काम जोडीचे असते. बायको नसली की नवऱ्याचेही काम अडते. मागे आणखी दोन मुले आहेत, त्यातले एक अंगावर पिते. ती तिसऱ्या दिवशी मूल उचलून निघून जाते आणि केसपेपरवर लिहिले जाते, ‘सल्ल्याविरुद्ध गेले.’ सल्ला बरोबर होता. पण तो पाळणे तिला शक्य होते की नाही, हे कागदावर येत नाही.

नेमकी हीच अडचण इथिओपिया आणि मलावीत आली होती. दुष्काळातल्या पोषण छावण्यांत शेकडो मुले दाटीवाटीने ठेवली की गोवर आणि जुलाब एकाकडून दुसऱ्याकडे जात. आई छावणीत अडकल्यामुळे घरी शेत पडीक राहायचे आणि पुढच्या वर्षीची भूक तयार व्हायची. १९९६च्या सुमारास आंद्रे ब्रियाँ आणि मिशेल लेस्कान या दोन फ्रेंच माणसांनी यावर एक खाऊ शोधला : शेंगदाण्याची पेस्ट, दुधाची भुकटी, साखर, तेल आणि जीवनसत्त्वे-क्षार. एका पुडीत सुमारे ५०० कॅलरी. त्यात पाणी नाही, म्हणून जंतू वाढत नाहीत. शिजवायचे नाही, चूल नको, मूल पुडीतून चाटून खाते. इथिओपियात २००० साली स्टीव्ह कॉलिन्स आणि सहकाऱ्यांनी, आणि त्याच सुमारास मलावीत इतरांनी, भूक शाबूत असलेल्या मुलांना या पुड्या देऊन घरी पाठवायला सुरुवात केली. आठवड्यातून एकदा तपासणी. बहुतेक मुले घरीच बरी झाली. २००७ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी ही पद्धत उचलून धरली. ज्या मुलाला भूक नाही, ज्याला न्यूमोनिया आहे, ज्याच्या अंगावर मोठी सूज आहे, त्यालाच तेवढे रुग्णालयात ठेवायचे.

भारतात या पुडीवरून मोठा वाद झाला आणि तो मिटलेला नाही. विरोधकांचे म्हणणे फेटाळण्यासारखे नाही : कारखान्याच्या पुडीची सवय लागेल, स्थानिक अन्न मागे पडेल, सरकारी पैसा कंपन्यांकडे जाईल आणि गरिबीच्या दुखण्यावर पाकिटाचा मलम लागेल. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने राज्यांना कळवले की अशा तयार खाऊला धोरण म्हणून मान्यता दिलेली नाही. महाराष्ट्रात गावातच ग्राम बाल विकास केंद्र चालवायचे, तिथे मुलाला दिवसातून अनेक वेळा थोडे-थोडे सकस अन्न द्यायचे, अशी रीत आहे. सेविका मनापासून चालवते तिथे त्याचा उपयोग दिसतो. अडचण एवढीच की ग्राम बाल विकास केंद्र गावात असते आणि भट्टीवरचे मूल गावात नसते. पुडी की खिचडी हा वाद ज्यांच्या नावाने चालतो, त्यांतल्या बऱ्याच मुलांपर्यंत दोन्हींतले एकही पोचत नाही.

‘आफ्रिकेसारखी परिस्थिती’ असा शब्दप्रयोग कुपोषणाच्या बातम्यांत सर्रास येतो. तो एकदा आकड्यांशी ताडून पाहावा. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालची २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने लुकडी आहेत आणि १०.९ टक्के अतिलुकडी. संपूर्ण आफ्रिका खंडाची लुकडेपणाची सरासरी सहा टक्क्यांच्या आसपास आहे. बालमृत्यूंचे चित्र मात्र उलटे आहे. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत हजारांमागे सत्तरच्या आसपास मुले पाच वर्षांची होण्याआधी दगावतात, महाराष्ट्रात त्याच सर्वेक्षणानुसार २८. तिथे मलेरिया आहे, एचआयव्ही आहे, युद्धे आहेत, दवाखाना चाळीस-पन्नास किलोमीटरवर आहे. आपल्याकडे लस, ओआरएस आणि रुग्णवाहिका यांनी लुकड्या मुलांना जगवले आहे. पण लुकडेपण कमी झालेले नाही. आपली बरीच मुले जन्मतःच कमी वजनाची असतात, कारण आई स्वतः कृश, रक्त कमी असलेली आणि पुष्कळदा विशीच्या आतली असते. कातकरी वाड्यांवर तर हे फार दिसते.

काहीच बदलत नाही असेही नाही. राज्याने २००५ साली औरंगाबादेत राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू केले आणि गर्भधारणेपासूनच्या पहिल्या हजार दिवसांवर जोर दिला. २०१२च्या पाहणीत दोन वर्षांखालच्या मुलांतले खुजेपण आधीच्या ३९ टक्क्यांवरून २३.४ टक्क्यांवर आलेले दिसले. देशभर त्याची चर्चा झाली. नंतरच्या सर्वेक्षणांत पाच वर्षांखालच्या सर्व मुलांचा आकडा पस्तीसच्या आसपास रेंगाळत राहिला. दोन्ही आकडे वेगवेगळ्या वयोगटांचे आहेत, त्यामुळे थेट तुलना करू नये. पण वेग टिकला नाही, हे खरे.

रत्नागिरीची एक वेगळी अडचण आहे. हा जिल्हा अनुसूचित क्षेत्रात मोडत नाही. २०१५च्या अखेरीस सुरू झालेली डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना, जिच्यात गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीतच एक वेळचे चौरस जेवण मिळते, ती आदिवासी क्षेत्रांसाठी आहे. मेळघाट किंवा जव्हारच्या बाईला जे ताट मिळते, ते मंडणगडच्या कातकरी बाईच्या वाट्याला त्या योजनेतून येत नाही. वास्तविक कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींपैकी एक. कोलाम आणि माडिया गोंड या दुसऱ्या दोन. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन अभियानात अशा जमातींसाठी अंगणवाड्या आणि फिरती वैद्यकीय पथके धरलेली आहेत. त्यामुळे वाडीवर काही पोचेल अशी आशा आहे. भट्टीवर पोचेल का, हा प्रश्न राहतो.

स्थलांतरितांच्या हक्काबद्दल मात्र गैरसमज नकोत. सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६च्या आदेशात अंगणवाडीच्या सेवा प्रत्येक मुलासाठी असल्याचे स्पष्ट केले आहे. मूल कोणत्या गावचे, कोणत्या राज्याचे, हा प्रश्नच येत नाही. ते ज्या हद्दीत राहते तिथल्या अंगणवाडीने त्याला सामावून घ्यायचे. मुलाचे आधार कार्ड नाही, एवढ्या कारणाने आहार नाकारायचा नाही. महाराष्ट्राने २०२१ मध्ये स्थलांतरित माता-बालकांचा माग ठेवणारी संगणकीय प्रणालीही काही जिल्ह्यांत सुरू केली. या सगळ्याचा उपयोग व्हायचा तर कुणीतरी सेविकेला सांगावे लागते की अमुक बागेच्या मांगरात दोन लहान मुले आली आहेत. हे सांगणे बागायतदाराच्या, खाणमालकाच्या, बोटमालकाच्या मुकादमाच्या हातात आहे. एका फोनचे काम आहे. मजुरांची यादी त्यांच्याकडे असतेच. त्या यादीत मुलांचा रकाना तेवढा नसतो.

खाण्याचे काय, याचे उत्तर कोकणात शोधायला लांब जावे लागत नाही. दीड वर्षांच्या, सात किलोच्या मुलाचे पोट एका वेळी जेमतेम दोनशे मिलिलिटर घेते, म्हणजे एक मोठी वाटी. ती वाटी पातळ पेजेने भरली तर त्यात बहुतेक पाणीच जाते. मूल पोट भरल्यासारखे झोपते आणि उपाशी राहते. तीच पेज घट्ट करून त्यात चमचाभर तेल घातले तर ४५ कॅलरी वाढतात. त्यात अंडे कुस्करावे, कुळथाची पिठी घालावी, भाजलेल्या दाण्याचे कूट घालावे. सुकवलेला जवळा स्वच्छ धुऊन, भाजून, त्याची पूड चिमूट-चिमूट घालता येते. सुकटीच्या मुलाला सुकट द्यावी, हा योगायोग भाषेने करून ठेवलाय. मीठ मात्र वेगळे घालू नये. दिवसातून दोनदा नव्हे, पाचदा. आई कामावर असते तेव्हा मधल्या वेळचे खाणे आठ वर्षांच्या ताईच्या हातात असते. म्हणून जे सांगायचे ते तिलाही सांगावे.

घट्ट पेज मुलाला गिळवत नाही आणि पातळ केली तर सत्त्व जाते, ही अडचण खरी आहे. तिच्यावरचा जुना उपाय नाचणीचा. नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवून दळायची. मोड येताना धान्यात अमायलेज हे विकर तयार होते, ते पिठुळपणा तोडते. घट्ट शिजवलेल्या कोमट पेजेत या पिठाचा एक चमचा ढवळला की काही मिनिटांत पेज सैल होते, आणि कॅलरी तेवढ्याच राहतात. मग पुन्हा एक उकळी द्यायची. मोडाचे पीठ खरपूस भाजले तर विकर मरते. मग चव येते, पण हा गुण जातो. टांझानियात हेच पीठ ‘किमेआ’ म्हणून ओळखले जाते आणि तिथल्या पोषण कार्यक्रमांत १९८०च्या दशकात ते आयांना शिकवले गेले. नाचणी मूळची पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातलीच. हजारो वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून आली आणि कोकणच्या वरकस जमिनीत रुजली. तिला आता कुणी परकी म्हणत नाही.

उलट दिशेनेही देणे झाले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतल्या जेमतेम शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले. ऊब, स्तनपान, श्वास मोजणे, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे. डिसेंबर १९९९च्या ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले : तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. २००९ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने नवजात बाळांसाठी गृहभेटींची शिफारस केली, ती आफ्रिकेतल्या देशांसाठीही होती. आशाताई आज बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी येते, त्याची मुळे या कामात आहेत.

गडचिरोलीत जे बाळाच्या श्वासाबाबत झाले, तेच नायजरमध्ये पट्टीबाबत झाले. मिरिया भागात आयांच्याच हातात पट्टी दिली. वाचता येत नाही, सेंटिमीटर म्हणजे काय ते माहीत नाही, अशा बायका. त्यांना फक्त रंग दाखवले आणि दंडाचा मध्य नजरेने कसा धरायचा ते शिकवले. २०१५ आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत दिसले की आयांचे माप आरोग्य सेवकांच्या मापाइतकेच भरवशाचे आहे. चुका झाल्या त्या बहुतेक रंगांच्या सीमारेषेवर. शिवाय जिथे आया मोजत होत्या तिथली मुले लवकर सापडली आणि त्यांतल्या कमी मुलांना रुग्णालयात ठेवावे लागले. सेवक महिन्यातून एकदा येतो. आई रोज अंघोळ घालते.

पट्टीला मर्यादा आहेत, आणि त्या इकडे जास्त जाणवतात. भारतातल्या मुलांत दंडाच्या घेराने सापडणारी आणि उंची-वजनाच्या तक्त्याने सापडणारी मुले पुष्कळदा वेगवेगळी निघतात. उंच, लांब हातापायांचे मूल तक्त्यात लाल आणि पट्टीवर पिवळे असू शकते. म्हणून अंगणवाडीतला वजनकाटा आणि उंचीची फळी अडगळीत टाकता येणार नाही. पण दंड साडेअकराच्या खाली गेलेले मूल मरणाच्या सर्वात जवळ असते, याबद्दल दुमत नाही. अतिलुकड्या मुलाचा मृत्यूचा धोका निरोगी मुलाच्या नऊ ते बारा पट धरला जातो. वजनकाटा भट्टीवर नेणे कठीण आहे. पट्टी कंबरेच्या चंचीत मावते.

ऑक्टोबरमध्ये कातकरी वाडीवरून टेम्पो निघण्याआधी सेविकेची एक फेरी होऊ शकते. सहा महिन्यांवरच्या प्रत्येक मुलाचा दंड मोजायचा, पावले दाबून पाहायची, जंतनाशक आणि राहिलेली लस द्यायची, आणि एक पट्टी आईकडे द्यायची. दुसरी पट्टी चिरेखाणीवरच्या कन्नड बोलणाऱ्या आईला आणि तिसरी मांगरातल्या नेपाळी आईला. रंगांना भाषा लागत नाही. पिवळा दिसला तर खाण्याच्या वेळा वाढवायच्या आणि जवळच्या अंगणवाडीत जायचे. लाल दिसला, किंवा पावलावर खळगा राहिला, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात. मूल खात नसेल, सुस्त असेल, अंगाला गार लागत असेल, तर १०८ क्रमांकावर फोन करून थेट रुग्णालयात. वाटेत त्याला छातीशी उघड्या अंगाने धरून वरून पांघरूण घ्यायचे आणि साखरपाण्याचे चमचे देत राहायचे.